मारबतीचं तोंड

मु. बेलडोह, ता. नरखेड
नागपंचमीचा दुसरा दिवस

इंग्रिडबाईस,

हे पत्र तुले श्वेता वाचून दाखवणार, म्हणून आधी श्वेताले दोन गोष्टी. श्वेता, मी लिहिलं ते जसंच्या तसं सांगायचं. त्या दिवशी या पोरीचे चित्र पाहून मी म्हटलं, हे काय घाण करून ठेवली. तू तिले इंग्रजीत काहीतरी गोड करून सांगतलं अन् ती खुश होऊन माझ्या पाया पडली. मले इंग्रजी येत नाही, पण बोलणी खाल्लेलं तोंड कसं दिसते ते समजते. म्हणून फोन नोको, कागदच बरा. कागदावर तुझी चालाखी चालत नाही. मी दुसरी शिकली आहे, अक्षर लागत नसलं तर दोनदा वाच.

आता पोरी, तुझं. तू वंदनाची पोरगी आहे, एवढं मी मानलं. तुले जिथून दत्तक दिलं त्या आश्रमातली म्हातारी रुखमाबाई तुझ्यापुढं बोलून गेली अन् तू माझ्या दारात येऊन उभी राहिली. सत्तावीस वर्षं मले माहीत नव्हतं की माझी नात डेन्मार्कात आहे. बापलेकीनं मिळून ठरवलं. मले सांगतलं, वंदना नागपूरले नर्सिंग शिकून राहिली, लय अभ्यास आहे, दिवाळीले येणं जमत नाही. मी बेसनाचे लाडू पाठवत होती. ते तूच खाल्ले असशील, तिच्या पोटातून. आमचे मनोहरराव मेले तरी बोलले नाहीत. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, याचाच मले राग आहे.

तू विचारलं, चित्रं कशी वाटली. सांगतो.

एका चित्रात बाई बसली आहे. डोक्यावर पदर, गायीसारखे डोळे, गालावरून पाणी वाहून राहिलं अन् काखेत घागर. तू म्हणते, ही आजी. माझ्याकडं मोटरपंप आहे वं. घागर कोण उचलते आता? अन् मले रडताना कोणी पाहिलं? मनोहरराव गेले तवा बाया माझ्या भवताली बसून वाट पाहू पाहू थकल्या, शेवटी आपापल्या घरी स्वयंपाकाले गेल्या.

दुसरं ते लोकरीचं. छतापासून खालपर्यंत लाल धागा लोंबकळते अन् तू म्हणते ही नाळ. नाळ लाल नसते. निळसर पांढरी असते, बुळबुळीत, हातातून निसटते. नाळ कापतात अन् पुरतात. टांगत कोणी नाही. टांगलेलं खाटकाच्या दुकानात असते. मले त्या दिवशी भाकर गेली नाही.

तिसऱ्यात उघडं पोट अन् पोटावर भारताचा नकाशा. तेवढ्यात शेजारचे मधुकरराव कुदळ मांगाले आले, म्हणून मी तुझा फोन उलटा ठेवला. त्यांले सांगतलं, ही बाई संत्र्याच्या झाडाचा अभ्यास कराले आली. गावात सगळ्यांले तेच सांगतलं आहे. पुन्हा आली तर दोन झाडं पाहून घेत जाय.

तू वंदनाचा पत्ता मांगतला. तो मी देणार नाही. तिचं घर आहे, नवरा आहे, बारावीतला पोरगा आहे. त्यांले तुझं नावही माहीत नाही. तू म्हणते, पोळा झाला की विमान आहे, त्याच्या आत एकदा पाहाचं आहे, बोलली नाही तरी चालते. मी कोराडीले जाऊन तिले विचारतो. त्याच्या पुढं माझ्या हातात काही नाही.

गिरजाबाई मनोहरराव काळमेघ


राखीनंतरचा सोमवार

इंग्रिडबाईस,

कोराडीले जाऊन आली. तिथं पावसाळ्यातही दोरीवरचे कपडे वीजघराच्या राखडीनं भरतात. वंदना एक एक कपडा झटकून घडी घालत होती. जावई दुर्गेश ड्युटीवर अन् पोरगा शिकवणीले गेला होता. मी तोच वेळ पाहून गेली.

मी सांगतलं, पोरगी आली आहे.

तिनं ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मंग म्हणे, "कोणती पोरगी?"

"जिले डेन्मार्कात पाठवली ती," म्हटलं. "तुले अजून किती आहेत?"

मले वाटलं रडीन. नाही रडली. हे मात्र माझ्यावर गेलं. चहा ठेवला, त्यात साखर टाकाले विसरली. मंग म्हणे, आई, तिले सांग मी मेली. मी म्हटलं, मेली असती तर तेरवी केली असती, गावजेवण दिलं असतं. खोटं बोलायचं तर तू बोल, तुमाले दोघा बापलेकीले सवय आहे.

दुर्गेशले समजलं तर मी कुठं जाऊ, असं म्हणे. मी म्हटलं, माझ्याकडं ये. घर मोठं आहे.

तर तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणे, "तुझ्याकडं? तुले तर मी तवाही सांगू शकली नाही."

चहा बिनसाखरेचा होता, पिऊन टाकला अन् बस पकडली.

तर ती येणार नाही. हे श्वेतानं तुले हळू आवाजात, पाठीवर हात फिरवून सांगू नये. येणार नाही म्हणजे नाही. मले तिची किळस आली, खरं सांगतो. स्वतःच्या लेकराचं नाव काढल्यावर जी बाई ओटा पुसते तिचं मी काय करू? चकचकीत ओटा आहे. तोंड दिसते त्यात.

तू माझ्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोवरून वंदनाचा फोटो काढून नेला, तो राहू दे तुझ्याकडं. पण कोणाले दाखवू नोको.

गिरजाबाई काळमेघ


सतरा ऑगस्ट

इंग्रिड,

काल तुझ्या त्या धरमपेठेतल्या प्रदर्शनाच्या हॉलमधून मी न सांगता निघाली. श्वेताची गाडी उभी होती, तीही नोको झाली. ऑटो केला अन् सरळ बसस्टँडवर आली. काहून, ते ऐक.

आत शिरली तर इतकं थंड की मले वाटलं मुर्दाघरात आणलं. लोक हातात सरबताचे ग्लास घेऊन हळू हळू बोलून राहिले, जसं काही आत कोणी आजारी आहे. एक जाड काठाची साडी नेसलेली बाई तुझ्या लाल लोकरीखाली उभी राहून रडून राहिली होती, काजळ सांभाळून. तिले काय झालं होतं? तिचं लेकरू गेलं होतं का? भिंतीवर माझं पहिलं पत्र काचेत लावलेलं. नाळ बुळबुळीत असते ते मी तुले लिहिलं होतं, साऱ्या धरमपेठेले नाही. एक भैताड माणूस ते मोठ्यानं वाचून हसला अन् म्हणे, किती अस्सल आहे. मी त्याच्या बाजूलेच उभी होती.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मधल्या खोलीत तू ती उभी केली.

तुले कोणी सांगतलं नसीन तर मी सांगतो, मारबत म्हणजे काय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बांबूची, कागदाची बाई करून वाजत गाजत काढतात. लोक बोंबलतात, रोगराई घेऊन जाय वं मारबत, ईडा पीडा घेऊन जाय वं मारबत. खेड्यात आम्ही पहाटे पळसाच्या डहाळ्या घेऊन शिवेपर्यंत हाकलतो. गावातलं जे जे सडकं आहे ते तिच्या अंगावर घालायचं अन् गावाबाहेर नेऊन जाळायचं. पिवळ्या मारबतीच्या पायावर बाया लेकरं घालतात, हे तू फोटोत पाहिलं असशील अन् तुले वाटलं असीन ही कोणी आईदेवी आहे. पायावर घातलं तरी शेवटी जाळतातच. घरात ठेवत नाहीत. मारबत म्हणणं ही आमच्याकडं बाईले शिवी आहे.

अन् तू छताले डोकं टेकणारी पिवळी मारबत केली, लोंबती छाती, सुपाएवढे हात, अन् तिले वंदनाचं तोंड लावलं.

मी पाहिलं अन् तशीच मागं फिरली. दीड महिना त्या पुतळे करणाऱ्या देवाजीच्या अंगणात बसून तू खळ शिकली, बांबू बांधणं शिकली, मंग त्यानं तुले एवढं सांगतलं नाही का? मी तुले जपून ठेवाले दिलेला फोटो तू हिच्यासाठी वापरला. तिनं तुले सोडलं, ती भेकड आहे, सगळं कबूल. पण शिवेबाहेर हाकलाची ती रोगराई नाही. माझी लेक आहे.

आज पेपरात त्या पुतळ्याचा फोटो आला. सकाळीच वंदनाचा फोन. बाथरूममधून बोलत होती, नळ सोडून. म्हणे, दुर्गेशनं पेपर पाहिला अन् म्हणाला हे तोंड ओळखीचं वाटते. म्हणे, आई, ते तोंड आजच्या आज काढ, नाही तर पुरी जाळून टाक.

तर ते तोंड काढ. पोळ्याच्या आत. बाकी बाई ठेव, विक, काय करायचं ते कर.

गिरजाबाई


पोळ्याचा आदला दिवस

इंग्रिड,

तुझं पत्र मधुकररावांनी आणून दिलं. अक्षर श्वेताचं आहे, पण या वेळी तिनं साखर घातलेली दिसत नाही.

तू लिहिते, मारबत काय असते ते देवाजीनं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, म्हणूनच ती केली. तू लिहिते, ते तोंड वंदनाचं नाही. लिहिते, "आजी, ते माझं तोंड आहे. गावानं बाहेर नेलं ते मलेच."

ते वाचून मी भिंतीवरचा फोटो उतरवला अन् दारात उजेडाले धरला. वंदनाचं नाक बापासारखं, सरळ. पेपरातल्या तुझ्या पिवळीचं नाक बसकं, शेंड्यावर जाड. असं नाक या घरात एकाच माणसाचं आहे. मले आरसा पाहाची गरज पडली नाही.

इतके दिवस मी तुझ्याकडं नीट पाहिलंच नव्हतं. तुझे चित्रं पाहाण्यात अन् त्यांची घाण वाटून घेण्यात वेळ गेला.

पुढं तू लिहिते, मारबतीच्या दिवशी दुपारी शहराबाहेर देवाजीच्या भावाच्या पडीत वावरात ती नेणार अन् रीतीप्रमाणं जाळणार. देवाजी सोबत येणार, श्वेता येणार, कोणी फोटोवाले येणार. मले या म्हणते.

काहून येऊ? तुले जळताना पाहाले? लोक टाळ्या वाजवतीन, कोणी साडीवाली पुन्हा काजळ सांभाळून रडीन, मंग सगळे समोसे खातीन. तुले वाटते स्वतःच्या हातानं स्वतःले हाकललं की मोकळं होता येते. हे कोणत्या शाळेत शिकवतात? आमच्याकडं मारबत दुसऱ्याची करतात. स्वतःची करणारी तू पहिली. मले किळस येते, अन् या वेळी चित्राची येत नाही.

वंदनाले सांगतलं, तोंड तुझं नाही, पोरीचं स्वतःचं आहे. तर म्हणे, मंग तर जाळलंच पाहिजे, दोघींत फरक काय. पाहा, मायलेकी आयुष्यात पहिल्यांदा एका मताच्या झाल्या. ती म्हणते जाळ, तू म्हणते जाळतो. मले कोणी विचारलं नाही. तवाही नव्हतं विचारलं.

मी येत नाही. उद्या पोळा आहे. बैल धुवायचे आहेत, शिंगं रंगवायची आहेत, पुरण शिजवायचं आहे.

गिरजाबाई


मारबतीचा दुसरा दिवस, रविवार

इंग्रिड,

काल तुझ्याशी बोलणं झालं नाही, माझा दम लागला होता अन् तुझे फोटोवाले मधे मधे येत होते. म्हणून लिहितो. काय झालं ते तू पाहिलं, पण श्वेता घाबरून नुसती सॉरी सॉरी करत होती, तर कोण काय बोललं ते तुले समजलं नसीन.

सकाळी आम्ही गावातली मारबत शिवेपार हाकलली. पोट्टे ओरडत होते, खोकला घेऊन जाय वं मारबत, डेंगू घेऊन जाय वं मारबत. मीही दरवर्षी ओरडतो. काल मी हातातली डहाळी फेकून दिली. घरी आली, विळा घेतला, पिशवीत टाकला अन् बस धरली. कंडक्टरनं विचारलं, आजी, आज सुट्टीच्या दिवशी कुठं? मी म्हटलं, कापणीले. ऑगस्टात कशाची कापणी, म्हणे.

तुमच्या त्या वावरात पोहोचली तवा तुम्ही तिले उभी करून पायाशी तणस रचलं होतं. देवाजी माचिस शोधून राहिला होता. मी शिडी मांगतली. त्याले वाटलं म्हातारीले हार घालायचा आहे. त्यानं शिडी धरली. वर गेली अन् विळा काढला, तवा तो खालून म्हणे, "बाई, काय करून राहिल्या? बिनतोंडाची मारबत जात नसते. अर्धवट राहिली तर पीडा गावातच राहते."

मी म्हटलं, "राहू दे गावातच."

"लोकाचं काम आहे ते, दीड महिना राबली पोरगी."

"तोंड माझ्या घरचं आहे. बाकी लोकाचं जाळा."

तो शिडी हलवत नव्हता, ही त्याची भलमनसाई. तुझी खळ पक्की आहे, एवढं मी मानलं. कानाजवळ विळा चालेना, दातरे अडकले. फोटोवाले टिपून राहिले होते, त्यांले वाटलं हेही तूच ठरवलेलं आहे. खाली तू काय म्हणाली ते मले ऐकू आलं, श्वेताशिवाय, मराठीत. म्हणाली, "ते माझं आहे."

मी म्हटलं, तुझं आहे म्हणूनच नेतो.

तुले ते समजलं का नाही, माहीत नाही. तू रडली नाही. हात कमरेवर ठेवून उभी राहिली अन् माझ्याकडं असं पाहिलं की आता ही म्हातारी पडते तरी केव्हा. मले ते आवडलं. तू आल्यापासून पहिली गोष्ट आवडली. मंग तूच पुढं होऊन तणसाले काडी लावली अन् बिनतोंडाची पिवळी जळून गेली. बांबू फटाफट फुटले. देवाजी पुटपुटत होता, हे काही बरं झालं नाही. त्याले माझा नमस्कार सांग अन् पीडा आली तर बेलडोहले पाठव म्हणा.

बसमध्ये ते तोंड मांडीवर घेऊन बसली. शेजारची बाई म्हणे, गणपतीच्या मखराचं सामान का? मी हो म्हटलं.

घरी आणलं तर रात्रीतून मुंग्या लागल्या. मैद्याची खळ, दुसरं काय होणार. हळद लावली, उन्हात ठेवलं, आता बैठकीत खिळ्याले टांगलं आहे, वंदनाच्या लग्नाच्या फोटोच्या बाजूले. चांगलं दिसत नाही. पिवळं आहे, एक कान माझ्या विळ्यानं गेला, अन् नाक तर काय, नाकच ते. पण दारातून येणाऱ्याले आधी तेच दिसते. मधुकरराव आले, चष्मा पुसून पुसून पाहिलं. म्हणे, ही तर ती संत्र्यावाली बाई. मी म्हटलं, संत्र्यावाली नाही, माझी नात आहे, वंदनाची मोठी. ते कुदळ मांगाले आले होते, तशीच विसरून गेले. आता संध्याकाळपर्यंत गावभर झालं असीन. होऊ दे.

मंग वंदनाले फोन लावला, तिले दुसऱ्याकडून समजू नये म्हणून. म्हणे, आई, तू माझं घर मोडलं. म्हणे, महालक्ष्म्यांच्या जेवणाले दुर्गेश येणार आहे, त्याच्या आत ते उतरव. मी म्हटलं, उतरवत नाही. त्याले पाहू दे. काय विचारायचं ते मले विचारू दे, मी चांगली उत्तरं देतो. त्यानं तुले काढलं तर घर मोठं आहे, हे मी मागंही सांगतलं. या वेळी तिनं ते उलटून मारलं नाही. फोनही ठेवला नाही. तिकडं कुकरची शिट्टी झाली, मंग अजून एक झाली. मंग म्हणे, "नाक कोणावर गेलं तिचं?" मी सांगतलं. तिनं फोन ठेवला.

आता तुझं. विमान पुढं ढकल. महालक्ष्म्या पुढच्या रविवारी येतात. देवीचे मुखवटे आणून, साड्या नेसवून बसवतात. तुझ्या डोक्यात आता काय आलं ते मले इथून दिसून राहिलं, म्हणून आधीच सांगतो, ते पिवळं तोंड देवीच्या जागी बसणार नाही. ते भिंतीवरच राहील. अन् एकाही गोष्टीचा फोटो काढायचा नाही, धागे टांगायचे नाहीत. सोळा भाज्या चिरायच्या आहेत, पुरण वाटायचं आहे, आंबील ढवळायची आहे. तुझ्या हाताले काम येते, एवढं मी त्या खळीवरून ओळखलं. श्वेताले आणू नोको, ती साखर टाकते.

बसनं ये. पाराजवळ उतरशील तर तिथं बाया बसल्या राहतात. त्या विचारतीन, कोणाची वं तू? थांबायचं नाही, खाली पाहायचं नाही. सांगायचं, वंदनाची.

गिरजाबाई